ऑफिसमागचं दार : रूट ६६ वरच्या जुन्या मोटेलांत राहायचं असेल तर

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय : पुढच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतला भाऊ, वहिनी, दोन भाचरं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा असे सगळे मिळून शिकागो ते लॉस एंजेलिस हा प्रवास 'रूट सिक्स्टी-सिक्स' या जुन्या महामार्गाने करायचा बेत आहे. मुलांना निऑनच्या पाट्यांच्या जुन्या मोटेलांत राहायचंय. बाबा म्हणतात, मोटेल म्हणजे हायवेवरची कळकट जागा, तिथे बायकामुलं घेऊन उतरायचं नसतं. आई-बाबांना तिथे न्यावं का? खरं जुनं कुठलं आणि नुसतंच जुनाट कुठलं, हे कसं ओळखायचं? आणि मुळात त्यात जपण्यासारखं काय आहे?

ताई, मी आर्किटेक्ट आहे. न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्की शहरात गेली बावीस वर्षं जुन्या इमारतींची दुरुस्ती करते. त्यातला मोठा भाग मोटेलांचा. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण आधी थोडक्यात सांगते : जरूर न्या. रोज नका, चार-पाच रात्री पुरेत. आणि मोटेल निवडताना फोटो बघून ठरवू नका. फोन करा आणि एकच प्रश्न विचारा, 'मालक तिथेच राहतात का?' बाकी सगळं या एका उत्तराच्या मागे येतं. असं का म्हणते, ते सांगते.

बाबांचा संशय नवा नाही. १९४० साली एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी मासिकात लेख लिहून रस्त्याकडेच्या टुरिस्ट कॅम्पांना गुन्हेगारीचे अड्डे ठरवलं होतं. काही जागा तशा होत्याही, आजही आहेत. पण त्या काळात बहुतेक ठिकाणी काय होतं? नवरा-बायको, एक-दोन मुलं, आठ-दहा खोल्या, आणि ऑफिसच्या मागे त्यांचं राहतं घर. जुन्या मोटेलचा नकाशा काढायला बसले की माझी पेन्सिल आधी तिथेच जाते. रस्त्याकडे तोंड करून छोटं ऑफिस, त्याला मोठी खिडकी. काउंटरच्या मागे एक दार, दारापलीकडे स्वयंपाकघर. रात्री अकराला कुणी घंटा वाजवली की मालकीण त्या दारातून बाहेर यायची. खिडकीतून तिला येणारी गाडी दिसायची आणि गाडीवाल्याला ती दिसायची. सुरक्षितता म्हणतात ती त्या खिडकीतून आणि त्या दारातून येत होती.

मोटेल हा शब्द रूट ६६ चा नाही. तो कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पोचा. आर्थर हाइनमन या आर्किटेक्टने डिसेंबर १९२५ मध्ये तिथे 'माइलस्टोन मो-टेल' उघडलं. 'मोटर' आणि 'हॉटेल' यांची सांगड. वर्षभराच्या आत, ११ नोव्हेंबर १९२६ ला, अमेरिकेच्या क्रमांकित महामार्गांची यादी मंजूर झाली आणि त्यात ६६ हा आकडा आला. म्हणजे २०२६ हे रस्त्याचं शंभरावं वर्ष. शिकागो ते सांता मोनिका, आठ राज्यं, २,४४८ मैल, आपल्या हिशेबाने ३,९०० किलोमीटरच्या वर.

त्याआधी हॉटेलं असायची गावात, रेल्वे स्टेशनजवळ. धुळीने माखलेल्या कपड्यांत लॉबीतून जायचं, हमालाला बक्षिसी द्यायची, गाडी कुठेतरी लांब लावायची, हे गाडीवाल्यांना नकोसं झालं होतं. ते रस्त्याकडेला तंबू ठोकायला लागले. मग शेतकऱ्यांनी, पेट्रोल पंपवाल्यांनी लाकडी खोपट्या उभ्या केल्या. पुढे दोन खोपट्यांच्या मधल्या जागेवर छप्पर टाकून गाडीची सोय झाली, आणि सगळ्या खोल्या एका ओळीत, काटकोनात किंवा तीन बाजूंनी अंगणाभोवती जोडल्या गेल्या. त्याला 'कोर्ट' म्हणत. आपल्या वाड्याचा चौक जसा घरासाठी, तसं हे अंगण गाडीसाठी. गाडी दाराशी, दार अंगणात, आणि अंगणावर ऑफिसची नजर. नुसत्या खोलीचा फोटो बघून यातलं काहीच कळत नाही.

आता पाटी. मुलांना तिचंच आकर्षण आहे आणि ते अगदी योग्य आहे. पन्नास मैलांच्या वेगाने येणाऱ्या माणसाला ब्रेक मारायला लावायचं तर पाटी लांबून दिसायला हवी, म्हणून इमारत ठेंगणी आणि पाटी उंच. खरी निऑनची पाटी म्हणजे पत्र्याची मोठी पेटी आणि तिच्यावर काचेच्या नळ्या. नळी आचेवर मऊ करून हाताने अक्षरात वळवतात. हवा काढून घेतात आणि जोरदार विद्युतप्रवाह सोडून आतला मळ जाळून काढतात. मग वायू भरतात. निऑन भरला की लाल-नारिंगी. आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असला की निळा. बाकीचे रंग नळीला आतून दिलेल्या लेपाचे किंवा रंगीत काचेचे. त्यामुळेच कडाक्याच्या थंडीत निळी अक्षरं मंद पडतात आणि लाल मात्र तशीच पेटलेली असतात. पारा गारठतो, निऑनला थंडीचं काही वाटत नाही.

मुलांना एक खूण शिकवा. पाटीच्या जवळ जाऊन दोन अक्षरांच्या मधे बघा. काचेची नळी तिथे तुटत नाही, पुढच्या अक्षरात जाते, आणि मधला तुकडा काळ्या रंगाने झाकलेला असतो. हाताने वळवलेली नळी ती हीच. प्लास्टिकच्या पट्टीत एलईडी घालून केलेल्या नकलेत ही काळी गाठ नसते, आणि ती समोरून छान दिसली तरी बाजूने बघितलं की प्रकाश मरतो. निऑनची नळी कुठूनही बघा, सारखीच उजळते. आणि कान दिला तर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकू येते. त्यात पंधरा हजार व्होल्टपर्यंत दाब असतो, तेव्हा हात मात्र लांबच ठेवायचा.

पाटीची पेटी उघडणं हा माझ्या कामातला सर्वांत आवडता दिवस. आत गांधीलमाशांची पोळी असतात, चिमण्यांच्या काड्या, कापडी वेष्टनाच्या वायरी, कुठे जुना बल्ब. बाहेरचा रंग पातीने थर थर खरवडत गेलं की खालचं नाव उमटतं. एकदा 'मोटेल'च्या खाली 'कोर्ट' निघालं आणि त्याच्याही खाली 'कॅम्प'. एवढ्याशा पत्र्यावर त्या जागेची तीन आयुष्यं एकावर एक बसली होती. आम्ही ते थर एका कोपऱ्यात तसेच ठेवले, बाकी पाटी रंगवली.

पाटीच्या बाबतीत एक दुखरी गोष्टही सांगते. एका गावात मालकाने मला विचारण्याआधीच पाटी दुरुस्तीला उतरवली. नंतर स्थानिक कार्यालयाने सांगितलं, ही पाटी आजच्या नियमापेक्षा उंच आहे. जागेवर होती तोवर चालली, एकदा उतरवली की नवा नियम लागू. चार वर्षं ती पाटी मागच्या अंगणात आडवी पडून होती, नळ्या फुटल्या, पत्रा गंजला. तेव्हापासून मी प्रत्येक मालकाला पहिलं वाक्य हेच सांगते की पाटी उतरवू नका, शिडी लावून जागेवरच काम करू.

भिंतींचं दुखणं तर आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. न्यू मेक्सिकोत अनेक जुनी मोटेलं कच्च्या मातीच्या विटांची आहेत. त्यांवर कुणीतरी मजबुतीसाठी सिमेंटचा गिलावा चढवतो. ओल जमिनीतून वर चढते, सिमेंट तिला बाहेर पडू देत नाही, आणि बुडाशी भिंत आतून लोण्यासारखी मऊ होते. पुण्यातल्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींना सिमेंट फासून हेच झालं. शिकत असताना तिथे जे बघितलं, त्याचा उपयोग मला इथे, चौदा हजार किलोमीटरच्या आसपास दूर, रोज होतो. उपायही तोच : बुडाचं सिमेंट काढा, भिंतीला श्वास घेऊ द्या, मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा करा.

आता कुठे राहायचं किंवा निदान थांबून काय बघायचं, ते. मिसूरी राज्यातल्या कार्थेजला 'बूट्स कोर्ट' आहे, १९३९ सालचं. कोपरे गोल, भिंत पांढरी, छताच्या कडेने हिरव्या निऑनची रेघ. खोलीत रेडिओ आहे, ही त्या काळची त्यांची जाहिरात. मधल्या काळात कुणी तरी त्यावर उतरतं छप्पर चढवलं होतं. २०११ साली दोन बहिणींनी ते विकत घेतलं आणि ते छप्पर काढून मूळचं सपाट छत उघडं केलं. दुरुस्तीत नवं घालण्यापेक्षा नंतरचं काढणं कठीण असतं, म्हणून मला या कामाबद्दल फार आदर वाटतो. त्याच राज्यात क्यूबा गावी 'वॅगन व्हील' हे दगडी कॉटेजांचं, १९३० च्या दशकातलं.

न्यू मेक्सिकोतल्या टुकमकॅरीचं 'ब्लू स्वॅलो' मात्र चुकवू नका. १९३९ मध्ये बांधायला घेतलेलं, बारा खोल्यांचं, आणि खोलीला लागून गाडीसाठी स्वतंत्र गॅरेज. गॅरेज तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचं आहे, भावाची मोठी एसयूव्ही आत जाईल या भरवशावर राहू नका. १९५८ मध्ये हे मोटेल लिलियन रेडमन यांना साखरपुड्याची भेट म्हणून मिळालं, आणि त्यांनी ते चाळीस वर्षं चालवलं. ऑफिसमागच्या दाराबद्दल मी जे म्हणत होते, त्याचं याहून मोठं उदाहरण या रस्त्यावर नाही. नवा हायवे गावाबाहेरून गेला, गिऱ्हाईक आटलं, तरी त्या तिथून हलल्या नाहीत, म्हणून मोटेल उभं राहिलं.

त्यांच्या पाटीवर 'हंड्रेड परसेंट रेफ्रिजरेटेड एअर' असं लिहिलंय. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात, अर्थ कुणी विचारत नाही. या कोरड्या प्रदेशात तेव्हा बहुतेक ठिकाणी पाण्याचा कूलर असायचा, आपल्या नागपूर-अकोल्याला वाळ्याचा असतो तसाच. जाळीवर पाणी, मागे पंखा. तो हवा गार करतो पण दमट करतो, आणि पावसाळी ढग आले की त्याचं काही चालत नाही. आमच्याकडे कूलर नाही, कॉम्प्रेसरची खरी थंड हवा आहे, एवढं त्या एका ओळीत सांगितलंय. विदर्भातल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

अल्बुकर्कीला आलात तर सेंट्रल अव्हेन्यूवरचं 'एल वाडो' बघा. १९३७ चं. २००५ मध्ये बंद पडलं, पाडायचा बेत झाला, शहराने मधे पडून ते वाचवलं, आणि २०१८ मध्ये खोल्या, खाण्याच्या टपऱ्या आणि छोट्या दुकानांसह पुन्हा उघडलं. माझ्या व्यवसायातल्या काहींना ही दुकानं खटकतात. मला नाही खटकत. अंगणात संध्याकाळी मुलं खेळत असतात, आणि तेरा वर्षं कुलूप लावलेल्या जागेत ती खेळतात याचं मोल मोठं आहे.

ॲरिझोनातल्या हॉलब्रुकला 'विगवॅम मोटेल' : काँक्रीटचे पंधरा शंकू, प्रत्येक शंकू एक खोली, अंगणात जुन्या गाड्या लावलेल्या. मूळ कल्पना केंटकीच्या फ्रँक रेडफर्डची. हॉलब्रुकच्या चेस्टर लुईसने ती १९५० मध्ये तिथे उभारली. मोबदला म्हणून खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ बसवले, आणि त्यात जमणारी नाणी रेडफर्डला जात. मुलांना हे मोटेल सर्वांत आवडेल. त्यांना एवढं मात्र सांगा की नाव विगवॅम, म्हणजे घुमटाकार झोपडीचं, असलं तरी आकार टीपीचा, म्हणजे शंकूसारख्या तंबूचा आहे, आणि टीपी हे मैदानी प्रदेशातल्या मूलनिवासी जमातींचं निवासस्थान. ॲरिझोनातल्या नावाहो किंवा होपी लोकांचं घर असं नसतं. गंमत म्हणून राहावं, पण कुणाची संस्कृती बघितली असा समज करून घेऊ नये.

हे सगळं ओस का पडलं? १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग आले. ते गावांना वळसा घालून गेले. त्याआधीच, १९५२ मध्ये मेम्फिसला 'हॉलिडे इन' सुरू झालं होतं आणि सगळीकडे एकसारखी खोली मिळण्याचा भरवसा लोकांना आवडू लागला होता. ॲरिझोनाचं विल्यम्स हे वळशात सापडलेलं शेवटचं गाव, ऑक्टोबर १९८४. पुढच्या वर्षी ६६ हा क्रमांकच यादीतून काढला. २००७ मध्ये 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेने या रस्त्यावरची मोटेलं देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या अकरा वारसास्थळांत घातली.

यादीत नाव आलं म्हणजे जागा वाचली, असा आपल्याकडे समज असतो. सेंट लुईसजवळचं 'कोरल कोर्ट' बघा. मधाच्या रंगाच्या चकचकीत भाजक्या विटा, गोलाकार कोपरे, काचेच्या विटांच्या खिडक्या, खोलीला जोडून गॅरेज. गाडी कुणाला दिसत नाही म्हणून तासा-दोन तासांसाठी येणाऱ्यांमुळे ते बदनामही झालं, म्हणजे बाबा म्हणतात ते अगदीच खोटं नाही. ते वारसास्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत होतं. तरी १९९५ मध्ये पाडलं. ती नोंद खाजगी मालकाचा हात धरू शकत नाही. एक खोली तेवढी उचलून सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयात पुन्हा जोडली आहे. वाटेवरच आहे, बघून घ्या. मी तिथे अर्धा तास त्या विटांवर हात ठेवून उभी होते. एवढं चांगलं बांधकाम आता त्या खर्चात कुणी करणार नाही.

आणि ऑफिसमागच्या दारातून पुढे कोण बाहेर आलं? आपलीच माणसं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकी कुटुंबं थकली, तेव्हा पडेल भावात ही मोटेलं गुजराती कुटुंबांनी घेतली, त्यात पटेल सर्वाधिक. अख्खं कुटुंब मागे राहायचं, चादरी स्वतः धुवायचं, नळ स्वतः दुरुस्त करायचं. १९३० च्या दशकातल्या जोडप्याने जसं मोटेल चालवलं, अगदी तसंच. तेव्हा शेजारच्या मोटेलांनी 'अमेरिकन ओन्ड' अशा पाट्या लावल्या, म्हणजे इथे भारतीय मालक नाही, निर्धास्त या. विमा कंपन्या विमा नाकारत. त्यातून १९८९ मध्ये आशियाई अमेरिकी हॉटेलमालकांची 'आहोआ' ही संघटना उभी राहिली. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळचं दुसरं विगवॅम मोटेल, १९४९ चं, फार वाईट अवस्थेत होतं. या शतकाच्या सुरुवातीला ते एका पटेल कुटुंबाने घेतलं आणि मेहनतीने सावरलं. रूट ६६ ची आठवण जपण्यात गुजराती घरांचा वाटा किती आहे, हे अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही. मी त्यांच्या ऑफिसमागच्या स्वयंपाकघरात बसून नकाशे पसरलेत, थेपले खाल्लेत, आणि छपराच्या खर्चावरून तासन् तास वादही घातलेत.

दार सगळ्यांना उघडत होतं असंही नाही. याच रस्त्यावर कृष्णवर्णीय कुटुंबांना बहुतेक मोटेलं खोली देत नसत. काही गावांत अंधार पडल्यावर थांबायचीही बंदी होती. न्यूयॉर्कचे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन १९३६ पासून एक पुस्तिका काढत, कुठे खोली मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल हे सांगणारी. सुवर्णकाळ म्हणून ज्या वर्षांचे गोडवे गातात, त्याच वर्षांत लोक ही पुस्तिका गाडीत घेऊन फिरत होते. मुलं मोठी असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

आता आई-बाबांचं. गुडघे दुखत असतील तर त्यांना जुन्या मोटेलइतकी सोयीची जागा नाही. लिफ्ट नको, लांब कॉरिडॉर नको, गाडीचं दार उघडलं की चार पावलांवर पलंग. अडचण येते बाथरूममध्ये. जुन्या खोल्यांत उंच काठाचा टब असतो, तो ओलांडणं वयस्कर माणसाला धोक्याचं. बुकिंग करताना 'वॉक-इन शॉवर' आहे का, हे विचारा. खोल्या लहान, पलंग आजच्यापेक्षा अरुंद, म्हणून सगळ्यांना मिळून तीन खोल्या सांगा आणि शेजारशेजारच्या मागा. विगवॅमच्या भिंती तिरप्या आहेत, बाबा उंच असतील तर कडेला डोकं सांभाळावं लागेल. वायरिंगही जुनं असू शकतं. चहाची किटली चालेल, पण पोह्यांसाठी इंडक्शन शेगडी लावायच्या आधी मालकाला विचारा. रेल्वेचा मार्ग पश्चिमेत या रस्त्याला जवळजवळ चिकटून जातो, आणि हॉलब्रुकला मालगाड्या रात्रभर शिट्या देत धावतात. कानात घालायला कापूस ठेवा. काही मोटेलं हिवाळ्यात बंद असतात, पण तुम्ही उन्हाळ्यात जाताय, तेव्हा उलट लवकर बुकिंग करा. तेव्हा गर्दी असते.

फोनवर मालकाशी दोन मिनिटं बोला. तो 'कुठून येताय, आई-वडिलांचं वय काय, गाडी केवढी' असं स्वतःहून विचारू लागला, तर पैसे भरा. नुसतं क्रेडिट कार्ड मागितलं आणि मालक कोण हे सांगता आलं नाही, तर त्या रात्री साखळीतलं हॉटेल घ्या, वाईट वाटून घेऊ नका. गेल्यावर आधी अंगण झाडलेलं आहे का बघा, मग दाराशी बाहेर खुर्च्या आहेत का. जिथे मालक राहतो तिथे खुर्च्या असतातच.

आणि टुकमकॅरीला काहीही करून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. अमारिलोहून फार तर दोन तासांचा रस्ता आहे, दुपारचा चहा घेऊन निघालात तरी जमेल. सामान आत टाका, आई-बाबांना दाराबाहेरच्या खुर्च्यांवर बसवा. आकाश जांभळं होतं तेव्हा आधी पाटीवरचा निळा पक्षी पेटतो. मग भिंतींवरचे छोटे पक्षी उजळतात, आणि शेजारच्या गाडीतून उतरलेली अनोळखी माणसं तुमच्याशी बोलायला येतात.